तिन्ही ठिकाणी ठीक

भट्टीकाकांच्या हातून चूक झाली असं सांगणारा माणूस त्या संस्थेत दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. चुका काढणाऱ्यांची तिथे वानवा होती असं नव्हे. संशोधनाची जागा ती. एकमेकांच्या चुका काढायचाच तिथे पगार मिळतो. पण तळघरातल्या भट्टीघरातून जो स्फटिक वर जायचा त्याच्याविषयी कुणी ब्र काढत नसे. काकांनी चौतीस वर्षं स्फटिक वाढवले. धातूंचे तुकडे तोलून क्वार्ट्झच्या नळीत भरायचे, आतली हवा ओढून घ्यायची, ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद करायचं, नळी भट्टीत ठेवून हजार अंशांपर्यंत तापवायची आणि मग तासाला एक अंश अशा गोगलगायीच्या चालीने अडीच आठवडे निववायची. शेवटी निघायचे ते तांदळाच्या दाण्यापासून नखाएवढे, आरशासारखे चकचकीत खडे. काका त्यांना खडेच म्हणत. स्फटिक हा शब्द वरच्या मजल्यावरच्यांसाठी.

खडा डोळ्यांना कितीही देखणा दिसो, काकांचा त्याच्यावर विश्वास नसे. क्ष-किरणांचा बारीक झोत ते त्याच्यावर तीन ठिकाणी मारून बघत: मध्यावर, डाव्या कडेला, उजव्या कडेला. पडद्यावर ठिपक्यांची एकच स्वच्छ नक्षी उमटली तर खडा एकसंध. दोन नक्ष्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या तर तो जुळा, म्हणजे दोन खडे एकमेकांना चिकटून वाढलेले आणि कामातून गेलेले. एका जागेसाठी खडा वळवून, नेमका बसवून, बघायला अर्धा तास लागे. नोंदवहीत प्रत्येक खड्यापुढे तीन रकाने होते आणि तिन्ही रकान्यांत काकांच्या वळणदार अक्षरात ‘ठीक’ पडल्याशिवाय खडा भट्टीघराचा उंबरा ओलांडत नसे. बाहेर उभे राहून घड्याळ बघणाऱ्या मोठमोठ्या प्राध्यापकांना ते सांगत, “घाई असेल तर बाजारातून काच आणा. तीही चमकते.”

असे हे काका निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि मुलगा जाऊन तीन.

मुलगा त्याच संस्थेत, तिसऱ्या मजल्यावर. बाप तळघरात भट्ट्यांपाशी आणि लेक वर कागदांपाशी, यावर सगळे थट्टा करत. चारचौघांत त्याला ‘डॉक्टर’ म्हणणं काकांना कधी जमलं नाही. ते भर व्याख्यानात मागून “बाळ्या, आवाज येत नाहीये” म्हणायचे. एकुलता एक. सकाळी सायकलवरून कामाला निघाला आणि वळणावर एका ट्रकने त्याला उडवलं. त्याच्या मागे राहिलं काय, तर त्याच्याच प्रयोगशाळेत काम करणारी बायको, एक सायकल, जिला पुन्हा कुणी हात लावला नाही, आणि एक लेख. लेख मात्र असा होता की जगभरच्या लोकांनी त्याचा हवाला दिला. त्याचं पहिलं पान काकूंनी चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं होतं. काकूंना त्यातलं मुलाचं नाव तेवढं वाचता यायचं असं कुणी समजू नये. त्यांना त्यातलं मर्म कळलेलं होतं, कारण बाळ्याने ते त्यांना पोळपाटावर पिठाच्या रेघा ओढून समजावलं होतं.

पदार्थाच्या आत इलेक्ट्रॉनांना काही ऊर्जांवर राहायची मुभा असते, काहींवर नसते. कागदावर काढलं तर या मुभेच्या रेघा होतात, काही वरच्या, काही खालच्या. बहुतेक पदार्थांत वरची आणि खालची रेघ एकमेकींच्या जवळ येतात आणि भेटायच्या आत तोंड फिरवून परत जातात. मध्ये फट राहते. थोड्या पदार्थांत मात्र त्या खरोखरीच एकमेकींना छेदतात, आणि स्फटिकाची घडण शाबूत आहे तोवर काहीही केलं तरी तिथे फट पडत नाही. अशा पदार्थाला धड धातू म्हणता येत नाही, धड अधातूही नाही. टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणतात त्याला. बाळ्याचा लेख सांगत होता की असा एक नवा पदार्थ सापडला आहे. हे बघा, रेघा छेदताहेत.

“म्हणजे दोन जावा एकाच दारात समोरासमोर आल्या,” काकू तेव्हा म्हणाल्या होत्या. “एरवी एक थबकणार, दुसरी नाक मुरडून मागे फिरणार. आणि तुझ्या खड्यात?”

“माझ्या खड्यात दोघी एकमेकींच्या अंगावरून सरळ निघून जातात, आई. भांडण नाही, तंटा नाही.”

“मग त्या जावा नव्हेत. वेगवेगळ्या घरच्या असतील,” काकू म्हणाल्या, आणि मायलेक पोट धरून हसले होते.

एका सकाळी सून घरी आली. कामाच्या दिवशी ती येत नसे, म्हणून काकांनी दार उघडतानाच तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चहा निवून गेला तरी तिने कपाला हात लावला नाही.

“बाबा, दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तोच पदार्थ करून बघितलाय,” ती म्हणाली. “त्यांना फट दिसते. लेखावर माझंही नाव आहे, म्हणून जर्नलने मला पत्र पाठवलंय. पाच महिन्यांत पुन्हा मोजून दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या.”

“मागे घ्या म्हणजे?” काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

“म्हणजे तो चुकीचा होता असं छापतात, आई. कायमचं. त्याचं नाव शोधलं की पहिल्यांदा तेच दिसतं.”

काकूंनी भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. काकांनी मात्र चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “त्यांचे खडे कुणी वाढवले?”

“तेच तर म्हणतेय मी. त्यांच्याकडे भट्टीकाका कुठायत? तुम्ही एकदा वाढवून द्या. एकच चांगला खडा.”

काकांना त्या क्षणी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. तीन वर्षं ते खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. मुलासाठी करण्यासारखं जगात काहीएक उरलेलं नाही, हेच त्या तीन वर्षांचं सगळ्यात मोठं ओझं होतं. आता करण्यासारखं निघालं होतं, आणि तेही नेमकं त्यांच्या हातातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन भट्टीघरात हजर झाले. नव्या भट्टीवाल्याने उठून त्यांना त्यांचाच जुना स्टूल दिला.

पहिल्या नळीतून निघालेले खडे छान होते. तिन्ही ठिकाणी ठीक. सून ते घेऊन दूरच्या मोठ्या यंत्राकडे गेली. तिथे खड्यावर खुंटी चिकटवून, हवा काढलेल्या भांड्यात खुंटी ठोकून उडवायची, म्हणजे खडा फुटून आतला कोरा पृष्ठभाग उघडा पडतो. त्यावर प्रखर प्रकाश टाकला की इलेक्ट्रॉन बाहेर उडतात, आणि कुठल्या कोनात किती वेगाने उडाले यावरून त्या रेघा काढता येतात. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

“फट आहे, बाबा.”

“खड्यात मळ असेल. धातू जुने होते. मी नवे मागवतो.”

नव्या धातूंचे खडे आणखी स्वच्छ निघाले. फट आणखी स्पष्ट दिसली. काकांनी निववायची चाल निम्मी केली, तासाला अर्धा अंश. त्या खेपेचे खडे इतके देखणे होते की नव्या भट्टीवाल्याने त्यांचे फोटो काढून ठेवले. सुनेने फोनवर सांगितलं की इतकी नितळ रेघ तिने आयुष्यात बघितली नव्हती, आणि मध्ये बोट शिरेल एवढी फट होती. खडा जितका चांगला तितकी फट साफ. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

काकांनी याचा अर्थ एकच लावला, की आपला हात गेला. तीस-पस्तीस वर्षं जे जमत होतं ते आता जमत नाही. नळीचं तोंड बंद करताना बोटं थरथरतात, तराजूवरचा आकडा दोनदा वाचावा लागतो. बाळ्यासाठी तो एक खडा त्यांनी वाढवला होता, त्याला तसा दुसरा देता येत नाही. घरी आले की काकू विचारायच्या, “भेटल्या का रेघा?” काका हात धुवायला मोरीत जायचे आणि नळ बराच वेळ चालू ठेवायचे. पाचव्या खेपेनंतर त्यांना जेवण जाईना. सहाव्या खेपेला नळी भट्टीतच फुटली, आणि भट्टीवाल्यासमोर, आपल्याच त्या जुन्या स्टुलावर बसून काका रडले. भट्टीवाला बिचारा काच गोळा करत राहिला.

पाच महिन्यांतले साडेचार संपले तेव्हा काकांना सुचायला हवं होतं ते सुचलं. नवा खडा जुन्यासारखा होत नसेल, तर जुना कसा होता ते बघावं. बाळ्याने मोजलेल्या खड्याचा उरलेला अर्धा भाग सुनेच्या खणात एका काचेच्या डबीत होता, वर बाळ्याच्याच अक्षरातली चिठ्ठी. तिने डबी काकांच्या हातात देताना क्षणभर सोडली नाही.

दुपारी काकांनी तो यंत्रात बसवला. मध्यावर एक नक्षी, स्वच्छ. काकांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग त्यांनी खडा डाव्या कडेला सरकवला.

पडद्यावर दोन नक्ष्या होत्या.

त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. खडा काढून, पुसून, पुन्हा बसवला. दोनच. उजव्या कडेलाही दोन. जुळा. मध्यावरचा थोडा भाग सोडला तर सगळा खडा जुळा, एक खडा दुसऱ्याला थोडासा फिरून चिकटलेला. बाळ्याने प्रकाशाचा झोत टाकला होता चकचकीत कडेवर, आणि यंत्राने दोन्ही खड्यांच्या रेघा एकाच कागदावर काढून दिल्या होत्या. एकाची वरची रेघ आणि दुसऱ्याची खालची. छेदणारच. ज्याच्या त्याच्या खड्यात ज्याची त्याची फट होतीच, ती दुसऱ्याच्या रेघेखाली झाकली गेली होती. भेट अशी कधी झालीच नव्हती.

काकांना तो दिवस आठवला. आठवला म्हणणंही खरं नाही. तो विसरला कधी होता?

सहा वर्षांपूर्वी बाळ्या दोन-दोन पायऱ्या उतरत तळघरात आला होता. कुणाचीतरी यंत्रावरची पाळी रिकामी झाली होती आणि ती त्याला मिळाली होती. गाडी चाळीस मिनिटांत सुटणार होती. काकांचा खडा मध्यावर बघून झाला होता. दोन कडा राहिल्या होत्या, म्हणजे एक तास.

“द्या ना, बाबा. मध्ये ठीक आहे, तर कडेला काय वेगळं निघणार?”

दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर काकांनी त्याला काच आणायला बाजारात पाठवला असता. पण त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसत होती. तीन वर्षं घासून त्याच्या हाती काही लागलेलं नव्हतं, बरोबरीचे पुढे गेले होते. काकांनी स्वतः डबीला झाकण लावलं आणि म्हणाले, “घे, पळ.” आठवड्याने त्याचा फोन आला, “बाबा, छेदताहेत.” दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नोंदवही उघडली. इतक्या वर्षांच्या नोंदींत दोन रिकामे रकाने पडक्या दातांसारखे दिसत होते. रेघा छेदल्या त्या अर्थी खडा ठीक असलाच पाहिजे, असं म्हणून त्यांनी दोन्हींत ‘ठीक’ लिहिलं. खड्याने रेघांची ग्वाही द्यायची, तिथे रेघांनी खड्याची ग्वाही दिली, आणि जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाला हे कळलं नाही.

चूक बापाची होती. पोराने मागितलं, बापाने दिलं. काकांना एवढंच दिसत होतं, आणि त्यात एक विचित्र दिलासाही होता. लेख जाणार हे नक्की, पण निदान तो बाळ्यामुळे जाणार नाही. छापून येईल की खडा वाढवणाऱ्याने तपासणी न करता दिला. म्हाताऱ्याची अब्रू गेली तर गेली, ती आता कुणाला हवीय?

ते त्याच पावली तिसऱ्या मजल्यावर गेले आणि उभ्याउभ्याच सुनेला सगळं सांगितलं. तिने दोन नक्ष्यांचे फोटो बघितले, डोळे मिटले, आणि मग म्हणाली, “खाली जाऊ या. मला वही बघायचीय.”

जुन्या वह्या कपाटात वर्षवार लावलेल्या होत्या. तिने पान काढलं, त्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाबा, इथे तिन्ही ठिकाणी ठीक आहे.”

“दोन मी नंतर लिहिली. न बघता.”

“शाई एकच आहे.”

“पेन एकच होतं माझं.”

“चौतीस वर्षांत तुम्ही कितीदा न बघता लिहिलंत?”

“एकदाच.”

“नेमकं याच खड्याला.”

काकांच्या लक्षात आलं की तिच्या आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती त्यांच्याकडे फार मायेने बघत होती.

“बाबा, वहीतला खडा तिन्ही ठिकाणी ठीक होता. हा जुळा आहे. म्हणजे हा तो नव्हेच.” ती हळू बोलत होती, जणू स्वतःलाच सांगत होती. “त्याच्या टेबलावर तुमच्या टाकाऊ खड्यांची डबी असायची. खुंटी चिकटवायचा सराव करायला. त्या दिवशी तो किती घाईत होता मला माहीत आहे, त्याची पिशवी मीच भरली होती. त्याने डब्या बदलल्या. कळलंही नसेल त्याला.”

“अगं, मी सांगतोय ना तुला. मी दिला. याच हाताने.”

“तुम्ही त्याच्यासाठी करताय हे. मला कळतंय, मीही केलं असतं.” आता ती रडत होती. “पण मला खोटं लिहायला लावू नका, बाबा. एक खोटं आधीच छापलंय आम्ही.”

जुन्या यंत्राचा संगणक केव्हाच भंगारात गेला होता. त्या दिवशी किती वेळा झोत मारला याची दुसरी कुठलीही खूण जगात नव्हती. होती ती वही, आणि वहीवर त्या इमारतीतल्या लोकांचा देवावर नसेल इतका विश्वास. काका विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी काकांना खुर्ची दिली, दार लावून घेतलं आणि सगळं ऐकून त्यांचा हात हातात घेतला. “काका, मलाही मुलगा आहे,” ते म्हणाले. “पण तुमची वही खोटी मानली तर या संस्थेतून गेलेला प्रत्येक खडा मला खोटा मानावा लागेल.” आणि त्यांचं चूक तरी काय होतं? काका त्यांच्या जागी असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

तेव्हा काकांनी जर्नलला स्वतःच पत्र लिहिलं. दोन दिवस बसून, खाडाखोड करत. चार ओळींचं सभ्य उत्तर आलं: आपलं नाव लेखकांत नाही, त्यामुळे आपलं निवेदन घेता येत नाही, लेखकांशी बोलावं. नाव का नव्हतं, तर बाळ्या ते घालायला निघाला होता आणि काकांनीच खोडायला लावलं होतं. भट्टीवाल्यांची नावं वर जात नसतात, ते म्हणाले होते, खाली आभारात घाल, तेवढं पुष्कळ झालं. त्या वेळी हा मोठेपणा वाटला होता. आता तो मोठेपणा त्यांना आपल्या गुन्ह्याला हातसुद्धा लावू देत नव्हता.

त्यांनी सुनेला आणखी दोनदा गाठलं. दुसऱ्या खेपेला आवाज चढवला, वही टेबलावर आपटली. तिने ती उचलून, पुसून, परत त्यांच्या हातात दिली. तिचंही पद त्या लेखाबरोबर डळमळणार होतं, पण त्याबद्दल तिने अक्षर काढलं नाही. सगळं आयुष्य खरं बोलण्यात घालवलेल्या माणसाचं एकमेव खोटं इतकं पक्कं बसलं होतं की आता त्याचं खरं बोलणं त्याच्याच कामी येईना.

निवेदन छापून आलं त्या दिवशी सून ते कागदावर काढून घेऊन आली, कारण काकूंनी दुसऱ्याकडून ऐकू नये अशी तिची इच्छा होती. काकूंनी चष्मा लावला आणि खिडकीजवळ बसून सावकाश वाचलं. सात-आठ ओळी होत्या. मोजलेला स्फटिक हा तपासलेला स्फटिक नव्हता असं आढळून आलं आहे. स्फटिकांची अदलाबदल पहिल्या लेखकाकडून झाली असावी. ते हयात नसल्याने त्यांना विचारता आलेलं नाही. लेख मागे घेण्यात येत आहे. शेवटच्या ओळीत, ही चूक ज्यांनी चिकाटीने शोधून काढली आणि ज्यांच्या काटेकोर नोंदींमुळे ती सिद्ध झाली, त्या स्फटिक वाढवणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञांचे आभार मानले होते.

“तुमचे आभार मानलेत,” काकू म्हणाल्या.

सून खाली मान घालून बसली होती. तिला वाटत होतं की तिच्या हातून होण्यासारखं हे एकच चांगलं होतं, ते तिने केलं.

ती गेल्यावर काका काकूंसमोर येऊन बसले आणि त्यांनी बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. डबी, गाडी, चाळीस मिनिटं, दोन रकाने. काकू ऐकत होत्या. त्यांचं ऐकणं कधी अर्धवट नसे. सांगून झाल्यावर त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बास झालं,” त्या म्हणाल्या. “जन्मात कधी खोटं बोलला नाहीत, आता या वयात नका बोलू. आणि तेही माझ्याशी.”

“मी खरं सांगतोय.”

“मला नाही का कळत माझा मुलगा? धांदरटच होता तो. माझ्या पोटचा आहे म्हणून काय नाही म्हणू?” त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “शाळेत जाताना एका पायात स्वतःचा बूट आणि एका पायात तुमचा घालून गेला होता. चौकापर्यंत गेला तरी पत्ता नाही.”

असं कधी झालं नव्हतं. बूट बदलून गेला होता शेजाऱ्यांचा मुलगा, आणि त्यावर त्या वेळी सगळ्यात जास्त बाळ्याच हसला होता. बाळ्या दप्तर आदल्या दिवशी भरून ठेवणारा. पेन्सिलींना टोक करून त्या उंचीने लावणारा. लहानपणी बापाच्या शेजारी स्टुलावर बसून वहीत आणखी एक रकाना आखून दे म्हणणारा. काकांनी तोंड उघडलं, पण त्या बोलतच होत्या, आणि गेल्या तीन वर्षांत त्या त्याच्याविषयी इतकं बोलल्या नव्हत्या.

“परीक्षेच्या दिवशी घाई, जेवताना घाई. लग्नात अंगठी विसरला होता की नाही? तुम्हीच धावत घरी आला होतात.”

अंगठी काका विसरले होते.

त्यानंतर हे रोजचंच झालं. भांडी आवरताना, कपडे वाळत घालताना, काकूंना बाळ्याची एखादी गोष्ट आठवायची, आणि प्रत्येक गोष्टीत तो कशाच्यातरी मागे धावत असायचा, काहीतरी सांडायचा, काहीतरी विसरायचा. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट असा धांदरट मुलगा ट्रकखाली सापडला यात त्यांना काहीतरी समजल्यासारखं झालं होतं. “सायकलवरसुद्धा घाईतच असणार,” त्या एकदा म्हणाल्या, आणि काकांनी हातातला पेला खाली ठेवला. ट्रकवाला चुकीच्या बाजूने आला होता. ते कागदोपत्री होतं. पण कागदोपत्री काय असतं त्याबद्दल आता त्यांना बोलवेना.

कधीकधी गोष्ट संपवून काकू त्यांच्याकडे बघून विचारायच्या, “आठवतं ना?”

पहिले काही दिवस काका म्हणत, “नाही, तसं नव्हतं.” मग काकूंचा चेहरा उतरायचा, आणि दोघंही उरलेला दिवस गप्प राहायचे. एका दुपारी त्या घड्या घालत बसल्या होत्या. बाळ्याने एकदा घाईत दाराला कुलूप लावून किल्ली आतच ठेवली होती, असं त्या हसत हसत सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या आणि म्हणाल्या, “आठवतं ना तुम्हाला?”

“आठवतं,” काका म्हणाले, आणि चादरीची दोन टोकं धरायला पुढे झाले.